पंडितवाद आणि राजवाद

मिलिंद आणि नागसेन ही नावे आपल्या समाजातील बहुतेकांना ग्रंथातून नव्हे, तर महाविद्यालयामुळे परिचित झाली आहेत. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे जे महाविद्यालय उभे केले त्यास पुढे मिलिंदाचे नाव मिळाले आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. उत्तर देणाऱ्या भिक्खूचे नाव परिसराला आणि प्रश्न विचारणाऱ्या, अखेरीस वादात नमणाऱ्या राजाचे नाव विद्यालयाला, ही योजना आम्हास नेहमीच विचार करावयास लावणारी वाटली आहे.

मिलिंदपञ्हात रथाच्या उपमेचा प्रसिद्ध संवाद होऊन गेल्यावर राजा नागसेनांना पुन्हा वादाचे निमंत्रण देतो. नागसेन लगेच होकार देत नाहीत, अट घालतात. पंडित ज्या रीतीने वाद करतात त्या रीतीने बोलणार असाल तर बोलू, राजे ज्या रीतीने करतात त्या रीतीने बोलणार असाल तर नाही. राजा दोहोंतील भेद विचारतो. पंडितांच्या वादात गुंडाळणे असते आणि उकलणे असते, निग्रह असतो, आपली चूक मान्य करून ती दुरुस्त करणे असते, एकाने भेद दाखविला की दुसऱ्याने प्रतिभेद दाखविणे असते, आणि एवढे होऊनही पंडित रागावत नाहीत. राजे मात्र एक गोष्ट ठरवून टाकतात व तिच्याविरुद्ध बोलणाऱ्यास दंड करण्याची आज्ञा देतात.

या उताऱ्याचा अर्थ बहुधा 'सौम्य भाषेत वाद करावा' असा लावला जातो. आमच्या मते तो अपुरा आहे. नागसेनांनी पंडितवादाच्या वर्णनात वापरलेला 'निग्गह' हा शब्द मुळीच सौम्य नाही. त्यात प्रतिपक्षाला कोंडीत पकडणे, त्याचे म्हणणे मोडून काढणे हा भाव आहे. दुसरे असे की, राजे रागावतात असे नागसेन म्हणतच नाहीत. राजे दंड करतात, असे ते म्हणतात. भाषा कठोर की मृदू हा त्यांचा प्रश्न नाही. विरोधी बोलणाऱ्याला त्या बोलण्याची काय किंमत मोजावी लागते, हा त्यांचा प्रश्न आहे. म्हणूनच पंडितवादात 'पटिकम्म' येते. चूक कबूल करून पुन्हा चर्चेत उभे राहण्याची जी सोय हरणाऱ्याला असते, तिचे ते नाव होय. राजवादात ही सोय नाही. तेथे हरणारा उरतच नाही.

राजाचे उत्तरही लक्षात घेण्यासारखे आहे. आपण पंडितवादानेच बोलू असे सांगून तो पुढे म्हणतो की भदंतांनी एखाद्या भिक्खूशी, सामणेराशी, उपासकाशी किंवा आरामिकाशी बोलावे तसे निःशंक बोलावे. आरामिक म्हणजे विहाराची झाडलोट व देखभाल करणारा सेवक. सागल नगरीचा ग्रीक राजा स्वतःला त्याच्या जागी बसवितो, कारण त्या जागी बसलेला माणूस कोणाला दंड करू शकत नाही. हा राजा काही स्वभावाने नम्र नव्हता. थोड्याच वेळापूर्वी त्याने स्थविर आयुपालांना निरुत्तर करून सारे जंबुद्वीप पोकळ असल्याची दर्पोक्ती केली होती. दर्पोक्ती त्याच्या तोंडी राहिली, दंड मात्र त्याने बाजूला ठेवला.

हे आज लिहावयाचे कारण एक लहानसा प्रसंग आहे. काही वर्षांपूर्वी एका विहारात वर्षावासानिमित्त 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते आणि वाचनाचे काम आमच्याकडे होते. त्या दिवशी शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणीच्या पाण्याचे प्रकरण वाचून झाले. पालि विषय घेतलेला पदवीचा एक विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, "सर, हा प्रसंग त्रिपिटकात कोठे येतो?" त्याच्या बोलण्यात औद्धत्य नव्हते. परंतु आम्ही तोंड उघडण्यापूर्वीच मागून एका ज्येष्ठ उपासकांनी विचारले, "बाळ, तू कोणाचा?" पाठोपाठ दुसरे कोणी "कोणत्या गटाचा रे?" असे म्हणाले, आणि तिसऱ्यांनी ध्यानवाल्यांनी शिकवून पाठविले काय, अशी पृच्छा केली. विद्यार्थी खाली बसला. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्हास ठाऊक होते, आणि आम्ही पुढील परिच्छेद वाचावयास घेतला होता.

'तू कोणाचा?' हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूर येथे रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली आणि दोन वर्षांच्या आतच 'दुरुस्त' व 'नादुरुस्त' ही विशेषणे माणसांना चिकटली. पुढे गट नेत्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. ती उजळणी येथे नको. आम्हास आश्चर्य वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. घरी येऊन मज्झिम निकाय उघडला तेव्हा हाच प्रश्न, जवळजवळ याच शब्दांत, उपालिसुत्तात भेटला.

उपालिसुत्त हे वादविवादाच्या दृष्टीने पालि वाङ्मयातील अत्यंत वेधक सुत्तांपैकी एक होय. स्थळ नालंदा. निगण्ठ नातपुत्त म्हणजे वर्धमान महावीर यांचा शिष्य दीघतपस्सी हा तथागतांस भेटतो. पापकर्मात काया, वाणी व मन यांपैकी अधिक भारी कोण, यावर दोघांचा मतभेद होतो. निगण्ठांच्या मते काया, तथागतांच्या मते मन. ही वार्ता ऐकून नालंदेचा धनाढ्य गृहपती उपालि, जो निगण्ठांचा मोठा आधारस्तंभ होता, वाद करावयास निघतो. लांब लोकरीचा मेंढा धरून ओढावा तसा मी श्रमण गौतमाला ओढीन, अशा त्याच्या बढाया सुत्तकाराने मोठ्या चवीने दिल्या आहेत. दीघतपस्सी त्याला परोपरीने अडवितो. गौतम मायावी आहे, लोकांना वळवून घेण्याची विद्या त्याला येते, असे बजावतो. प्रतिपक्षाचे म्हणणे आपल्या माणसास पटण्याची भीती वाटली की त्या पटण्यालाच जादू म्हणावयाचे, ही युक्ती एवढी जुनी आहे.

वाद होतो. तथागत विचारतात की चालताना नकळत अनेक सूक्ष्म जीव मारणाऱ्या निगण्ठाला नातपुत्त कितपत दोषी मानतात? हेतू नसेल तर दोष मोठा नाही, असे उपालि सांगतो आणि तेथेच त्याचा पक्ष ढळतो, कारण हेतू मनात असतो. हा युक्तिवाद आजही तितकाच धारदार वाटतो. नंतरचे मात्र तसे नाहीत. ऋषीच्या मनाच्या क्षोभाने नगरी क्षणात भस्म होते, दंडकारण्य ऋषीच्या कोपानेच अरण्य झाले, हे दाखले त्या काळच्या श्रोत्यांना चालले असतील. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या वाचकाने ते प्रमाण म्हणून स्वीकारण्याचे कारण नाही. उपालि स्वतःच पुढे कबूल करतो की त्याचे समाधान पहिल्याच दाखल्याने झाले होते, अधिक ऐकावयास मिळावे म्हणून तो विरोध करीत राहिला. आमच्या मते ही कबुली सुत्तातील सर्वांत मानवी जागा आहे. पटल्यावरही प्रश्न विचारीत राहता येते आणि समोरचा त्यावर चिडत नाही, हे नागसेनांच्या व्याख्येतील पंडितवादाचे प्रत्यक्ष चित्र होय.

उपालि शरण जाऊ पाहतो तेव्हा तथागत त्याला थांबवितात. तुझ्यासारख्या प्रतिष्ठिताने नीट विचार करूनच असे पाऊल उचलावे, असे सांगतात. उपालि चकित होतो. दुसऱ्या पंथीयांना मी असा शिष्य मिळालो असतो तर त्यांनी नालंदाभर पताका मिरविल्या असत्या, असे तो म्हणतो. तथागत त्याहून पुढची गोष्ट सांगतात: तुझे घर दीर्घकाळ निगण्ठांसाठी पाणवठ्यासारखे राहिले आहे, तेव्हा ते आले असता त्यांना भिक्षा देण्याचे विसरू नकोस. वैशालीच्या सिंह सेनापतीलाही त्यांनी असेच सांगितल्याचे विनयात आले आहे. ज्या पक्षाचा पराभव नुकताच झाला त्याच्या पोटाची काळजी विजेता करतो आहे. वादातील उदारतेचा याहून स्पष्ट पुरावा आम्हास अन्यत्र आढळलेला नाही.

आणि येथेच आमची अडचण सुरू होते. सुत्ताचा हा पूर्वार्ध प्रवचनांतून नेहमी सांगितला जातो, उत्तरार्ध मात्र क्वचितच. उपालि घरी जातो आणि द्वारपालास सांगतो की आजपासून निगण्ठांना दार बंद. भिक्षा हवी असेल तर बाहेर थांबावे, बाहेर आणून दिली जाईल. म्हणजे तथागतांचा शब्द त्याने अक्षरशः पाळला. अन्न दिले आणि दार लावले. पुढे स्वतः नातपुत्त येतात. पूर्वी ज्या उच्चासनावर स्वतःच्या उत्तरीयाने झटकून तो त्यांना बसवीत असे, त्याच आसनावर आज तो आपण बसतो आणि आसने आहेत, इच्छा असेल तर बसा, असे म्हणतो. तेव्हा नातपुत्त विचारतात की राजासह सारी सभा तुला निगण्ठांचा श्रावक म्हणून ओळखते; आता तुला कोणाचा श्रावक समजावे? उपालि उत्तरीय एका खांद्यावर घेऊन, हात जोडून, गाथांमागून गाथा म्हणत आपण भगवंतांचे श्रावक असल्याचे सांगतो. त्या ऐकवेनाशा होऊन नातपुत्तांच्या मुखातून उष्ण रक्त येते. सुत्त येथे संपते.

या शेवटाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. ज्या सुत्तात तथागत प्रतिपक्षाच्या भिक्षेची चिंता करतात, त्याच सुत्ताचा रचनाकार प्रतिपक्षाच्या आचार्याला रक्त ओकावयास लावून मोकळा होतो. गाथा उत्तम आहेत, पण त्या एका अवमानित वृद्धासमोर म्हटल्या जात आहेत. नव्या श्रावकाची कठोरता शास्त्याच्या औदार्याशी जुळत नाही आणि सुत्तकाराला ही विसंगती दिसलेली नाही, किंवा दिसूनही त्याने ती विजयाच्या आनंदात झाकली आहे. निकायांचे संकलन भिक्खुसंघाने केले. त्यांत प्रतिपक्षाचे म्हणणे आपल्यापर्यंत येते ते संघाच्या मुखातून. प्रतिपक्षी बहुतेक ठिकाणी 'होय, भो गोतम' यापलीकडे फारसे बोलत नाहीत. हे ध्यानात ठेवून वाचणे म्हणजे अश्रद्धा नव्हे.

जैन आगमांनीही हेच केले आहे. सूत्रकृतांगाच्या दुसऱ्या श्रुतस्कंधात आर्द्रकाची कथा आहे. तेथील बौद्ध असे प्रतिपादन करतो की पेंडीचा गोळा माणूस समजून भाल्याने भोसकला तर हत्येचे पाप लागते, पण माणसाला पेंडीचा गोळा समजून भोसकला व भाजला तर लागत नाही! हा हेतुप्रधान कर्मविचाराचाच विपर्यास आहे. ज्या प्रश्नावर उपालिसुत्तात निगण्ठांचा पाडाव होतो, त्याच प्रश्नावर तिकडे बौद्धांची टवाळी होते. दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचले तर ध्यानात येते की प्रत्येकाने प्रतिपक्षाच्या तोंडी तेच वाक्य घातले जे खोडून काढणे सोपे होते. आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना केवळ पहिला ग्रंथ शिकवितो, जैन पाठशाळांतून दुसरा शिकविला जात असेल. एकाच वर्गात दोन्ही शिकविणारा अध्यापक विरळा.

महाराष्ट्राला असा एक अध्यापक लाभला होता. धर्मानंद कोसंबी यांच्या 'भगवान बुद्ध' (१९४०-४१) या ग्रंथातील मांसाहारविषयक विवेचनात जैन श्रमणांविषयी जे लिहिले होते त्यावरून जैन समाजात मोठा क्षोभ झाला. कोसंबींनी आपले मत बदलले नाही. पण याच कोसंबींनी 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म' हे पुस्तक लिहून त्या परंपरेचे ऋण मानले आणि जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे, त्या परंपरेने आदरणीय मानलेल्या मार्गाने, म्हणजे अन्नत्याग करून देह ठेवला. त्यांच्या या शेवटाशी आम्ही पूर्णतः सहमत नाही. मात्र ज्यांच्याशी भांडण झाले त्यांच्याकडून काही घेण्यास त्यांना कमीपणा वाटला नाही, एवढे खरे.

कोसंबींचे नाव रोहिणीच्या प्रकरणातही येते, म्हणून आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळतो. तो प्रसंग बाबासाहेबांनी ज्या रूपात दिला आहे त्या रूपात त्रिपिटकात नाही, हे त्या दिवशी द्यावयाचे उत्तर होते. रोहिणीच्या पाण्याचा तंटा धम्मपदाच्या अट्ठकथेत व जातकाच्या अट्ठकथेत येतो, पण तेथे सिद्धार्थ हे बुद्ध झालेले आहेत. जेठ महिन्यात पिके सुकू लागतात, एकाच बांधाचे पाणी दोन्ही तीरांवरील शेतांना पुरणार नाही असे दिसते आणि पाणी प्रथम कोणी घ्यावे यावरून शेतावरील दास व मजूर यांची बाचाबाची होते. हातघाईनंतर शिव्या सुरू होतात, त्याही कुळाच्या उत्पत्तीवरून. शाक्य म्हणजे कुत्र्या-कोल्ह्यांप्रमाणे बहिणींशी संसार करणारे, कोलीय म्हणजे बोरीच्या झाडात राहणाऱ्या कुष्ठरोग्यांची प्रजा! मजुरांकडून ही बोलणी अमात्यांकडे जातात, अमात्यांकडून राजकुळांकडे, आणि शस्त्रे बाहेर पडतात. तथागत मध्ये येऊन विचारतात की कलह कशासाठी आहे? राजांना ठाऊक नसते. सेनापतीला ठाऊक असेल म्हणतात. तो उपराजाकडे बोट दाखवितो. असे विचारत विचारत प्रश्न शेवटी दास-मजुरांपर्यंत येतो तेव्हा कोठे उत्तर मिळते: पाण्यासाठी. वैराच्या या प्रवासाचे एवढे अचूक चित्र पालि अट्ठकथांत क्वचितच असेल. पाणी मागे राहिले, शिव्या पुढे गेल्या आणि मूळ कारण फक्त त्यांनाच ठाऊक राहिले ज्यांना सभेत स्थान नव्हते.

सुत्तनिपातातील अत्तदंडसुत्तात, उथळ पाण्यातील मासळीप्रमाणे तडफडणारी व परस्परांशी झगडणारी प्रजा पाहून भय उत्पन्न झाले, असे वर्णन आहे. चार दृश्यांची कथा नाकारून कोसंबींनी गृहत्यागाचे कारण या सुत्तात शोधले. बाबासाहेबांनी आपल्या प्रस्तावनेत चार दृश्यांच्या पारंपरिक उपपत्तीवर जो पहिलाच प्रश्न उपस्थित केला तो याच दिशेचा होता: एकोणतीस वर्षांच्या तरुणाने त्यापूर्वी रोगी, वृद्ध वा मृत मनुष्य पाहिलाच नसेल हे कसे शक्य आहे? रोहिणीची कथा त्यांनी अट्ठकथेतून उचलली आणि बोधीपूर्वीच्या काळात ठेवली. हे स्थलांतर आहे आणि ते त्यांनी विचारपूर्वक केले आहे. ते मान्य केल्याने ग्रंथाला बाध येतो असे आम्हास मुळीच वाटत नाही. उलट, बाबासाहेबांनी त्यात कोणती भर घातली हे पाहण्यासाठी प्रथम मूळ काय होते ते कळलेच पाहिजे.

त्यांनी भर घातली ती सभेची. अट्ठकथेत दोन सैन्ये आणि एक बुद्ध आहे. बाबासाहेबांच्या ग्रंथात शाक्य संघाचे अधिवेशन आहे, सेनापतीचा युद्धाचा ठराव आहे, सिद्धार्थाची उपसूचना आहे. दोघे आपण निवडावेत, दोघे कोलीयांनी, या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा मिटवावा. उपसूचनेला अनुमोदन मिळते, मतदान होते आणि ती प्रचंड बहुमताने फेटाळली जाते. येथपर्यंत कोणतीही लोकशाही सभा. दुसऱ्या दिवशी वीस ते पन्नास वयाच्या सर्व शाक्यांनी सैन्यात दाखल व्हावे असा ठराव येतो. काल सिद्धार्थाच्या बाजूने मत देणारे गप्प बसतात. एकटा सिद्धार्थ उठून नकार देतो. आणि मग सेनापती युक्तिवाद करीत नाही, परिणाम सांगतो: संघ तुझ्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार घालू शकतो, तुमच्या जमिनी जप्त करू शकतो.

ज्या लेखकाने आणि ज्या वाचकांनी गावाचा बहिष्कार व वतनाच्या जमिनीची धमकी स्वतः अनुभवली होती, त्यांच्यासाठी हे वाक्य कोणत्या स्थळाहून येत होते हे सांगावयास नको. नागसेनांनी दोन शब्दांत जो भेद केला, त्याचेच हे कथारूप आहे. पहिल्या दिवशी पंडितवाद होता. त्यात सिद्धार्थ हरला आणि त्याने ती हार मानली, मतदानाबद्दल तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी राजवाद आला. राजा नसलेल्या गणराज्यात, बहुमताच्या हातून आला, हे बाबासाहेबांचे निरीक्षण आहे. त्यांनी कथा येथे सोडली नाही. परिव्राजक होऊन सिद्धार्थ निघून गेल्यावर शाक्यांत मोठी चळवळ होते, संघ पुन्हा भरतो आणि दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींनी मिळून तंटा सोडवावा असा निर्णय होतो. म्हणजे हरलेली उपसूचनाच जवळपास स्वीकारली जाते. हे सिद्धार्थाला कळते तेव्हा तो फार दूर गेलेला असतो आणि परत फिरत नाही. कलहाचा प्रश्न रोहिणीपुरता नाही, हे त्याला दिसलेले असते.

आता त्या दिवशीचे आमचे विहार पुन्हा डोळ्यांसमोर आणावे. हाच प्रसंग वाचून झाला होता. एक तरुण एकटा उठला. सभेने त्याच्या प्रश्नाला उत्तर दिले नाही, त्याला त्याचा गट विचारला. आणि ज्यांना उत्तर ठाऊक होते ते गप्प बसले. शाक्य संघातील त्या गप्प बसलेल्या अल्पसंख्याकांचा उल्लेख आम्ही अनेकदा वाचला होता. आपण त्यांच्यात बसलेलो आहोत हे मात्र फार उशिरा कळले.

ज्येष्ठ उपासकांचीही बाजू आहे आणि ती क्षुल्लक नाही. १९५७ मध्ये, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यानंतर लवकरच महाबोधी सभेच्या नियतकालिकातील परीक्षणात, ग्रंथाच्या नावात बुद्धाऐवजी आंबेडकरांचे नाव हवे होते, अशा आशयाचा शेरा आला. ग्रंथामागे राजकीय हेतू असल्याचा आरोप झाला. पाठभेदांवर, अट्ठकथेवर, चार आर्यसत्यांच्या प्रश्नावर वाद घालता आला असता. त्याऐवजी लेखकाचा हेतू काढण्यात आला. हा 'तू कोणाचा?' याच प्रश्नाचा विद्वत्तेच्या वेषातील अवतार होय. १९८७ साली महाराष्ट्र शासनाने 'रिडल्स इन हिंदुइझम' प्रसिद्ध केले तेव्हाही युक्तिवादाऐवजी प्रतींची होळी झाली आणि फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर लाखोंना उतरावे लागले. ज्यांच्या ग्रंथाशी असा व्यवहार झाला त्यांना प्रत्येक प्रश्नामागे शत्रू दिसावा, यात नवल नाही. परंतु त्या विद्यार्थ्याने होळी पेटविली नव्हती. त्याने संदर्भ विचारला होता.

संदर्भ विचारणे हे ग्रंथाच्या शत्रूंचेच काम असते तर भदंत आनंद कौसल्यायन यांना आपण कोणत्या रांगेत बसविणार? मूळ ग्रंथात पालि आधारांचे निर्देश नव्हते. हिंदी अनुवाद करताना भदंतजींनी ते परिश्रमपूर्वक शोधून दिले. २०११ मध्ये ऑक्सफर्डने काढलेल्या चिकित्सक आवृत्तीत आकाश सिंह राठोड व अजय वर्मा यांनीही हे काम पुढे नेले. आणि स्वतः बाबासाहेबांनी प्रस्तावनेच्या शेवटी, आपण उपस्थित केलेल्या प्रश्नांच्या उलगड्यात वाचकांनी भर घालावी अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. तो मुलगा त्या वाक्यास ओ देऊनच उभा राहिला होता, असे म्हणावयास काय हरकत आहे?

विरोधकाशी कसे वागावे याचा बाबासाहेबांनी घालून दिलेला एक पाठ फारसा सांगितला जात नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांचे अध्यक्षीय भाषण आगाऊ वाचले, त्यातील काही भाग त्यांना पेलवला नाही आणि परिषदच रद्द झाली. बाबासाहेबांनी भाषण स्वखर्चाने छापले. गांधींनी 'हरिजन'मधून त्यावर टीका केली, आठ आणे किंमत जास्त आहे, दोन किंवा फार तर चार आणे असावी, असेही सुचविले. १९३७च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधींचे ते लेख परिशिष्ट म्हणून जसेच्या तसे छापले आणि त्यांच्या पुढे आपले उत्तर दिले. ते उत्तर अतिशय कठोर आहे. निग्रहात त्यांनी कसूर केलेली नाही. पण वाचकाला गांधींचे म्हणणे आंबेडकरांच्या मुखातून ऐकावे लागत नाही. ते त्याच पुस्तकात, गांधींच्याच शब्दांत, त्याच्या हाती येते. आगमकारांना आणि निकायकारांना जे साधले नाही ते येथे झाले आहे. आपल्या बाजूच्या नियतकालिकांनी, आमच्यासह, हे किती वेळा केले याचा हिशेब अवघड नाही. तो फार लवकर संपतो.

ब्रह्मजालसुत्ताच्या आरंभी परिव्राजक सुप्पिय बुद्ध, धम्म व संघ यांची निंदा करीत राजगृहाहून नालंदेच्या वाटेने चालला आहे आणि त्याचाच शिष्य स्तुती करीत मागे येत आहे. भिक्खू अस्वस्थ होतात. तथागत त्यांना विचारतात की निंदेने तुम्ही संतापलात तर निंदकाचे बोलणे योग्य की अयोग्य हे तुम्हाला कळेल काय? जे असत्य असेल ते असत्य म्हणून दाखवून द्यावे, एवढेच ते सांगतात. येथे संताप वर्ज्य आहे तो नीतीच्या कारणाने नव्हे, आकलनाच्या कारणाने. आमच्या विहारात त्या दिवशी नेमके हेच झाले. संतापामुळे, विचारलेला प्रश्न निंदा नव्हताच, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

त्या विद्यार्थ्याचा शोध आम्ही घेतला. तो आता पालिचाच अभ्यास करतो, दुसऱ्या शहरात, आणि विहारात जात नाही असे कळले. त्याचा प्रश्न मात्र येथेच राहिला आहे. म्हणून पुढील अंकात धम्मपद-अट्ठकथेतील रोहिणीच्या कथेचा मराठी अनुवाद देत आहोत. सोबत बाबासाहेबांच्या ग्रंथातील प्रकरणाशी तिची तुलना राहील. आमची मांडणी ज्यांना अमान्य असेल त्यांनी आपली टिपणे संपादकांच्या नावे पाठवावीत. ती कोणाची आहेत हे न विचारता पूर्ण छापली जातील. त्या ज्येष्ठ उपासकांनाही आम्ही पत्र लिहिले आहे. त्यांचे उत्तर आले असून ते चार पाने भरले आहे, आणि बरेच कडक आहे. तेही त्याच अंकात येईल.